खोगिरासकट वजन

माझ्या नाकावर राग असतो असं सासरचे म्हणतात. खोटं नाही ते. कोणी दोन गाड्यांची जागा अडवून एक गाडी लावली, तरी माझं डोकं फिरतं. अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये, इथे अमेरिकेत, मी नोकरी करते. तिथली मुलं माझ्या मीटिंगला दोन मिनिटं आधी येऊन बसतात, कारण उशिरा आलं तर काय होतं ते त्यांना ठाऊक आहे. सुपरमार्केट असो, शाळा असो, इन्शुरन्सचा फोन असो, मी कुणाला सोडत नाही. आणि जिथे खरंच तोंड उघडायला हवं होतं तिथे नेमकी माझी दातखीळ बसली. एकदा नाही, सव्वीस वर्षं. म्हणून हे लिहिताना मला सगळ्यांत जास्त राग माझाच येतोय, आणि तो यायलाच हवा.

माझे बाबा जॉकी होते. आजोबा पुण्यात एका तबेल्यात मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, शेण काढणं हे त्यांचं काम. बाबा त्या तबेल्यातच वाढले. तेराव्या वर्षी पहाटे घोडे फिरवायला लागले आणि पुढे पंचवीस वर्षं पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला त्यांनी रेसा मारल्या. एका सीझनला तर सगळ्यांत जास्त रेसा जिंकणारे तेच होते. त्याचा कप आईने घरात कुठे ठेवला होता, तर तांदळाच्या डब्याच्या मागे. पाहुण्यांना दिसायला नको.

कारण रेस म्हटली की आपल्या लोकांना जुगार दिसतो. घोड्यावर कोणीतरी बसलेलं असतं, ते दोन महिने अर्ध्या भाकरीवर राहिलेलं असतं, त्याचं गळ्याजवळचं हाड तीनदा मोडलेलं असतं, हे कोणाला दिसत नाही. माझं लग्न ठरायच्या वेळी मामाने मध्यस्थी केली. मुलाकडचे प्राध्यापक, घरात पुस्तकांची कपाटंच कपाटं. मामा म्हणाला, कशाला विषाची परीक्षा घ्यायची? रेसकोर्सच्या ऑफिसात आहेत म्हणून सांगू, म्हणजे अगदीच खोटंही नाही. आई मान खाली घालून कोथिंबीर निवडत होती. बाबा म्हणाले, पोरीचं चांगलं होत असेल तर मला शिपाई म्हणून सांगा, माझं काही जात नाही.

लग्नात मुलाकडचा एक पाहुणा बाबांकडे निरखून बघत राहिला. जेवणाच्या पंगतीत त्याने विचारलंच, तुम्ही ते जॉकी ना? मी हातात वाढायला दिलेलं जिलबीचं ताट घेऊन तिथेच उभी होते. बाबा हसून म्हणाले, "तो माझा चुलतभाऊ. बरेच जण फसतात." आणि मी जिलबी वाढत पुढे गेले. बावीस वर्षांची घोडी होते मी, काही कुक्कुलं बाळ नव्हते.

तर तेव्हापासून बाबा ऑफिसातले. आई गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, मी त्यांना इकडे घेऊन आले. दोन बॅगा होत्या. एकीत कपडे आणि औषधं. दुसरीत आईच्या हिरव्या साडीत गुंडाळलेलं त्यांचं सॅडल, म्हणजे रेसचं छोटं खोगीर, आणि घोड्याला ठरवून दिलेल्या वजनाला स्वार कमी पडला तर त्याला लावायच्या शिशाच्या पट्ट्या. मी ती बॅग गॅरेजमध्ये वरच्या फळीवर रंगाच्या डब्यांमागे टाकली. सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात ना, म्हणून. बघा, आईचा तांदळाचा डबा आणि माझे रंगाचे डबे. लेक शोभते.

मी बॅग कुठे ठेवली हे बाबांनी विचारलंसुद्धा नाही. रोज सकाळी उठून वजनकाट्यावर उभे राहायचे, आकडा बघायचे आणि त्याप्रमाणे नाश्ता करायचे. ऐंशी वर्षांचा माणूस, शेहेचाळीस किलो वजन, आणि दोनशे ग्रॅम वाढलं तर पोह्यांचा बाऊल मागे सारायचा. सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या वडिलांना शिस्त मोठी हो." मी म्हणायचे, हो ना, ऑफिसात लागते.

आमच्या घरापासून पश्चिमेला अर्धापाऊण तास गाडी हाणली की डेटा सेंटरं संपतात आणि घोड्यांचा मुलूख लागतो. लांबच लांब कुंपणं, टेकड्या, गवत. बाबांना तिकडे न्यायचं मी सहा महिने टाळत होते. का टाळत होते ते सांगायला नको. शेवटी एका शनिवारी दोघंच गेलो. तिथे एका जुन्या जमीनदाराच्या घराचं छोटंसं म्युझियम केलेलं आहे. दिवाणखान्यात भिंतभर चित्र: एक तपकिरी घोडी, आणि तिच्या मानेजवळ साध्या कोटातला एक काळा माणूस, डाव्या हातावर खोगीर घेऊन. खाली पितळेची पाटी. पाटीवर घोडीचं नाव, तिच्या बापाचं नाव, आईचं नाव, मालकाचं नाव, चित्रकाराचं नाव. आणि शेवटी, 'आणि अटेंडंट'.

बाबांनी मला पाटी वाचायला लावली. मग म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचली. ते चित्राच्या इतके जवळ गेले की तिथल्या गाईडबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"हा अटेंडंट नाही," बाबा म्हणाले. "हा जॉकी आहे. आत्ताच उतरलाय. वजनाला निघालाय."

मी विचारलं, कशावरून? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. रेस संपली की जॉकीने स्वतः खोगीर उतरवायचं आणि स्वतःच्या हाताने वजनाला न्यायचं. मध्ये दुसऱ्या कुणी त्याला बोट लावायचं नाही, मोतद्दाराने नाही, मालकानेसुद्धा नाही. खोगिरासकट काट्यावर बसायचं. काट्यावरचा माणूस 'ऑल राइट' म्हणेपर्यंत उतरायचं नाही. त्याने म्हटलं नाही तर तू पहिला आलास काय आणि शेवटचा आलास काय, रेस धरतच नाहीत. हे सांगताना बाबांचा डावा हात आपोआप तसाच वाकला होता, चित्रातल्यासारखा.

गाईडबाई म्हाताऱ्या होत्या, निवृत्त शिक्षिका. मी भाषांतर करून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, तो गुलाम होता, नाव कुठेच सापडत नाही. पण तबेल्याची एक जुनी वही आहे, तिची टाईप केलेली नक्कल हवी तर बघा.

पुढचे सात शनिवार आम्ही ती वही वाचली. घरी मी सांगायचे, लायब्ररीत जातो. सगळं खोटंच सांगायची सवय लागली की खरं काय ते आठवून सांगायचेच कष्ट पडतात. वहीत घोड्यांचं सगळं होतं. कोणती घोडी कधी व्याली, कोणत्या घोड्याने काय खाल्लं, कोण कुठल्या गावी पळाला, किती वेळात. त्या काळी चार मैलांची फेरी असायची, आणि एकाच दिवशी तेच घोडे दोनदा, कधी तीनदा पळवायचे. स्वार कोण, त्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: 'बॉय'. आणि त्याच्यापुढे वजन.

मी म्हटलं, बाबा, हा बॉय म्हणजे पाच वेगवेगळे लोक असतील. ते म्हणाले, थांब. एका कागदावर त्यांनी नुसती वजनं उतरवून काढली. मग त्यावर बोट फिरवत गेले, हळूहळू. इथे हा पोरगेला आहे, बघ, अंगात काही नाही, खोगिराला शिसं लावायला लागतंय. इथे उंची आली. इथे त्याला उपाशी ठेवलाय. रेसच्या आधीच्या आठवड्यात पाच पौंड उतरवलेत, रेस झाल्यावर चार परत आलेत. प्रत्येक वेळी पाच खाली, चार वर. दुसऱ्याचं अंग असं चालत नाही, प्रत्येकाची चाल वेगळी असते. हा एकच माणूस आहे. वही लिहिणाऱ्याने एके ठिकाणी लिहिलं होतं की बॉयला शेणाच्या उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरून घाम काढला. मी वाचता वाचता थांबले. बाबा म्हणाले, आम्हाला गरम पाण्याच्या टबात बसवायचे आणि वरून प्लॅस्टिकचा कोट. एकदा मी टबातच बेशुद्ध पडलो होतो. तुझी आई तेव्हा तुझ्या वेळची सहा महिन्यांची होती.

मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार, मी कधी विचारलं होतं?

असा तो माणूस नऊ वर्षं पळाला, वजनांवरून. एका वर्षी तर वहीतल्या जवळजवळ सगळ्या रेसा त्याने जिंकल्या होत्या, दूरच्या राज्यातल्या घोड्यांना हरवून. बाबा म्हणाले, त्या काळात ह्याच्यासारखा दुसरा कोणी नसेल, मी पैज मारून सांगतो. आणि मग हसले, कारण जॉकीला पैज लावायला बंदी असते.

मग ते पान आलं. घोडी अडखळून पडली त्याचं. घोडीच्या पायाबद्दल चार पानं. कुठला लेप लावला, कोण वैद्य आणला, किती तास कोण जागं बसलं. त्यात मध्येच एक ओळ: 'बॉयलाही लागलं.' बस्स. पुढे अकरा आठवडे वजनाचा रकाना रिकामा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्युझियमच्या त्या शांत खोलीत मी इतक्या मोठ्याने शिवी दिली की गाईडबाई दारातून डोकावून गेल्या.  बाबांनी शर्टाच्या वरच्या बटणाखालून हात घातला आणि आपल्या गळ्याजवळच्या हाडाचा उंचवटा चाचपला.

अकरा आठवड्यांनी तो परत आला, चार पौंड वाढून. आणखी दीड वर्षं जिंकला. शेवटची नोंद अशी की मालकाच्या मुलीच्या लग्नात घोडी आणि बॉय दोघंही जावयाला दिले. त्याच्यानंतर रकान्यात जे वजन येतं ते दुसऱ्याच कोणाचं. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "लग्नात गेला."

मी त्या दिवशी घरी येऊन म्युझियमच्या कमिटीला ईमेल लिहिली. लिहिली कसली, झोडपली. घोडीची तीन पिढ्यांची नावं पाटीवर लिहिता आणि जो माणूस तिच्यावर बसून जिंकला त्याला अटेंडंट म्हणता? नाव सापडत नाही हे समजू शकते, पण हुद्दा तरी खरा लिहा. जॉकी लिहा, अव्वल जॉकी लिहा. त्यांचं उत्तर गोडगोड होतं. आवड दाखवल्याबद्दल आभार, पण पुराव्याशिवाय पाटी बदलता येत नाही. मग मी बाबांचा वजनांचा तक्ता जोडला, खोगिराचा नियम सविस्तर लिहिला, आणि दर सोमवारी एक ईमेल असा धडाका लावला. नवरा म्हणाला, "यार, एका पाटीसाठी किती भांडशील?" मी म्हटलं, पाटी बदलेपर्यंत.

आता खरी गोष्ट. त्याच महिन्यात बाबांना एक्क्याऐंशी पूर्ण होत होती. सहस्रचंद्रदर्शन करायचं सासूबाईंच्या मनात, आणि इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी ते उचलून धरलं. त्यांना सुचलं की बाबांची ग्रंथतुला करू. एका पारड्यात बाबा, दुसऱ्यात पुस्तकं, आणि ती पुस्तकं इथल्या मराठी शाळेला. कल्पना चांगली होती. मंडळातल्या एका हौशी माणसाने गॅरेजमध्ये लाकडाची मोठी तराजूसुद्धा बनवली. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य काट्यावर गेलं त्याची हे लोक तुला करणार, आणि त्यांना त्यातलं काही म्हणजे काहीही माहीत नाही. हसावं की रडावं.

अध्यक्षबाईंनी छापायचा मजकूर मला फोनवर पाठवला. त्यात होतं: 'रेसकोर्सच्या कार्यालयात अनेक वर्षं निष्ठेने सेवा.' मी तेव्हा डेटा सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून कमिटीला माझी पाचवी ईमेल लिहीत होते. ती अर्धवट ठेवून मी त्या मजकुराखाली पसंतीचा अंगठा टाकला, आणि परत ईमेल लिहायला लागले. एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही.

पत्रिका छापून आल्यावर माझ्या मुलीने ती वाचली. ती कॉलेजातून सुट्टीला आली होती. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते, आणि इंग्रजीत ती फार थंडपणे बोलते. आजोबा जॉकी होते हे घरात तिला एकटीला ठाऊक होतं. लहानपणी पुण्याला गेली असताना आजोबांनीच तिला तो कप दाखवला होता. ती म्हणाली, आई, तू म्युझियमवाल्यांना पाच ईमेली लिहिल्यास. ही पत्रिका कोणी मंजूर केली? मी म्हटलं, अगं, ते वेगळं आहे. ती म्हणाली, कसं वेगळं आहे ते एकदा मला समजावून सांग. आणि खुर्ची ओढून समोर बसलीच.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.  मी तिच्यावरच ओरडले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि मग बाबांच्या खोलीत गेले. ते पत्रिकाच वाचत होते, भिंग लावून.

"मी माईकवर खरं सांगणार आहे," मी म्हटलं.

ते म्हणाले, "छापून झालंय ना. राहू दे."

"नाही. मी सांगणार. सगळ्यांसमोर."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग माझं सॅडल काढून ठेव. रंगाच्या डब्यांमागे आहे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

कार्यक्रम कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये होता. शंभरेक माणसं, पैठण्या, समोर मोठ्या स्क्रीनवर पुण्याहून व्हिडिओवर सासरचं सगळं गोत. एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण झालं. गुरुजी आठवडाभर डेटाबेसचं काम करतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात, त्यांना दुपारी दुसरीकडे वास्तुशांत होती, त्यामुळे सगळं घाईत. बाबांना पारड्यात बसवलं. समोरच्या पारड्यात पुस्तकं पडायला लागली आणि बघता बघता बाबा वर गेले. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, काका अगदीच फुलासारखे आहेत हो. आणखी हसू.

बाबांनी हात वर केला. मला म्हणाले, "दे." मी पिशवीतून सॅडल काढून त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी मांडीवर घेतलं, दोन्ही हात त्यावर ठेवले, पाठ ताठ केली. पारडं जरासं खाली आलं. पुस्तकवाल्याला आणखी दोन पुस्तकं टाकायला लागली.  अध्यक्षबाई कौतुकाने म्हणाल्या, हे काय काका? बाबा म्हणाले, "वजन खोगिरासकट द्यायचं असतं." आणि माझ्याकडे बघायला लागले.

माईक माझ्या हातात होता. पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. स्क्रीनवर चुलत सासरे चष्मा पुसत पुढे वाकले होते. तीन शब्द होते. बाबा जॉकी होते. डेटा सेंटरमध्ये चाळीस माणसांसमोर मी कोणाचीही चामडी लोळवते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून असं आलं:

"बाबांना घोड्यांची फार आवड. ऑफिसात असताना त्यांना हे कोणीतरी भेट दिलं होतं."

टाळ्या पडल्या. होय, टाळ्या पडल्या. मुलगी मागच्या रांगेतून उठून बाहेर गेली, ते मी पाहिलं. बाबा तसेच बसून होते, ताठ, माझ्याकडे बघत. ते कशासाठी थांबलेत ते त्या हॉलमध्ये मला एकटीलाच कळत होतं. शेवटी गुरुजी म्हणाले, झालं काका, उतरा, पुढे उशीर होतोय. बाबा उतरले. सॅडल मी घ्यायला गेले तर त्यांनी मला हात लावू दिला नाही.

नवरा गाडीत म्हणाला, कार्यक्रम छान झाला. मी त्या बिचाऱ्यावरच पेटले. त्याला कुठे काय माहीत होतं? त्यालाही मीच अंधारात ठेवलेलं. मामाचा राग आला, पण मामा जाऊन आठ वर्षं झालीत. आईचा आला. त्या हसणाऱ्या लोकांचा आला. फुलासारखे म्हणे! तुम्ही दोन महिने अर्ध्या भाकरीवर राहून बघा, मग कळेल फूल कसं होतं ते. मिळेल त्याच्यावर राग काढला, आणि फिरून तो माझ्यापाशीच परत आला. बाबांनी मात्र मला एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहिले, पोहे खाल्ले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दीड महिन्याने म्युझियमचं पत्र आलं. कमिटीने दुसऱ्या एका जाणकाराला वही दाखवली होती. वजनांचा तक्ता आणि खोगिराचा नियम त्यांना पटला होता. पाटी बदलली होती. तुमच्या वडिलांना घेऊन जरूर बघायला या. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईही टेबलाशी होत्या. त्या म्हणाल्या, मलाही यायचंय. मी म्हटलं, लांब आहे, तुमचे गुडघे दुखतील. त्या म्हणाल्या, गुडघे माझे आहेत.

तर त्या शनिवारी आम्ही तिघं. सासूबाई दिवाणखान्यातल्या बाकावर बसल्या, काठी गुडघ्यांमध्ये धरून. चित्राखाली नवी पाटी होती, अजून चकचकीत. बाबा चष्मा विसरले होते, की विसरल्यासारखं केलं होतं, कोण जाणे. म्हणाले, "वाच."

मी वाचलं. घोडी, तिचा बाप, तिची आई, मालक, चित्रकार. आणि मग, मराठी करून, मोठ्याने: "आणि तिचा जॉकी. आपल्या काळातला अव्वल जॉकी. नाव नोंदलेलं नाही."

बाबा चित्राकडेच बघत होते. म्हणाले, "हा शब्द तुला मोठ्याने म्हणता येतो की."

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, भांडायला मला काय लागतं? मी तिथे उभी राहिले आणि माझे कान तापले. मला त्या पाटीचासुद्धा संताप आला, नाव नसलेल्या माणसाला न्याय मिळाला म्हणून. त्याच्यासाठी मी सोमवारामागून सोमवार भांडले. ज्याचं नाव मला जन्मापासून ठाऊक आहे त्याच्यासाठी तीन शब्द नाहीत.

मी मागे वळले. "आई," मी सासूबाईंना म्हटलं, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला, गाईडबाई दचकल्या, "माझे बाबा ऑफिसात नव्हते. जॉकी होते. पंचवीस वर्षं. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो."

सासूबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तुलेच्या दिवशीच कळलं," त्या म्हणाल्या. "खोगीर मांडीवर घेऊन असा ताठ कारकून बसत नाही. मी तेव्हापासून वाट बघतेय, ही कधी बोलते. वडील तिथे वर लटकलेले आणि तू म्हणे भेट दिलं होतं! लाज नाही वाटली?"

"वाटली," मी म्हटलं.

"मग बरं."

त्या काठी टेकत उठल्या, बाबांपाशी गेल्या आणि त्यांना म्हणाल्या, व्याही, आता ह्या चित्रातलं मला नीट समजावून सांगा, मला रेसमधलं ओ की ठो कळत नाही. बाबांनी डावा हात वाकवून दाखवला. खोगीर असं घ्यायचं, ते म्हणाले, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.